उड्डाण पुढे ढकललं

११ ऑगस्ट

"तुझे ढग आमच्या रॉकेटला आडवे घालू नकोस हं!" — हवामानाची नोकरी लागली त्या दिवशी डॅडी म्हणाले होते. आयुष्यभर उड्डाणतळावर रॉकेटचे नळ आणि झडपा जोडणारा माणूस. तेव्हा मी हसले होते. आज नेमकं तेच केलं. दुपारी जमिनीकडून वादळ आलं. उड्डाण रद्द.

डॅडी माझ्याकडेच आहेत, नदीकडच्या व्हरांड्यात. खाटेवरून पलीकडचा तळ दिसतो. नर्स इव्हॉन म्हणते, फार तर आठवडा काढतील. त्यांना एवढंच हवंय — माणसं घेऊन जाणारं एक रॉकेट अजून बघायचंय. चौघं जाणार आहेत. आणि जाऊ द्यायचं की नाही, ते मी सांगायचं!

१२ ऑगस्ट

आकाश निळंशार. तरी रद्द. का? तर रॉकेटच्या वाटेवर, तिकडे उत्तरेला न्यूफाउंडलंडजवळ समुद्र खवळलाय. चढताना बिघाड झाला तर यान तिथेच कुठेतरी पाण्यात उतरणार. त्या लाटांतून चौघांना बाहेर कसं काढायचं? पण हे सांगू कोणाला! न्याहारीच्या दुकानातला लॉइड म्हणतो, "नेल, छत्री उघडू का गं?" सगळं दुकान हसलं.

घरी सांगितलं तर डॅडी हसले नाहीत. "इथं तर एक ढग नाही, पोरी." लाटांचं सांगितलं. "आमच्या वेळी..." पुढचं खोकल्यात गेलं.

१३ ऑगस्ट

लाटा तशाच. डॅडींनी मक्याची लापशीही नको म्हटलं.

१४ ऑगस्ट

संताप, नुसता संताप! समुद्र निवला, तर दूरच्या वादळी ढगाचा पसरट माथा तळावर येऊन बसला. पाऊस नाही, गडगडाट नाही. पण त्यात वीज भरलेली असते, रॉकेट घुसलं की अंगावर ओढून घेतं. ढगातून सूर्य दिसला तर जाता येतं. नाही दिसला तर नाही. साधा नियम.

कर्टिसने, माझ्या साहेबाने, विचारलं. मी रडारच्या पडद्याकडे बघून म्हणाले, "पातळ आहे. चालेल."

ढग बघायला वर टेहळणीच्या विमानात बॉइड होता. रेडिओवर ओरडला, "पातळ? अहो बाई, सूर्य कुठल्या बाजूला आहे तेच मला कळेना!" खोलीत हशा. मीही हसले. मग "नाही" म्हटलं.

"दमलीस तू," कर्टिस म्हणाला. "घरी जा, झोप काढ."

घरी इव्हॉनने सांगितलं, डॅडी दिवसभर डोळे मिटायला तयार नव्हते. पलीकडेच बघत होते.

१५ ऑगस्ट

काल मी दमले नव्हते. ढग दाट आहे, हे मला पडद्यावर स्वच्छ दिसत होतं. तरी "चालेल" म्हणाले, डॅडींसाठी.

पुढचा प्रयत्न उद्या, आणि उद्याही तसाच ढग येणार. कर्टिसला फोन लावतेय. म्हणेल, "इतक्यांदा नाही म्हणणारी बाई सोडून दुसऱ्या कोणाला बसवू?" तरी मागणार — कर्टिस, उद्या माझ्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाला तरी बसव.