स्वखुशीने सोडलेली जागा

लातूर,
२ मार्च २०१७

प्रिय बसवंत,

पत्राची सुरुवात 'प्रिय' लिहून करायची असते, हे तुला मीच शिकवलं होतं, म्हणून लिहिलं. आज तो शब्द लिहायला मला बराच वेळ लागला. फोन केला असता तर तू 'मीटिंगमध्ये आहे, अक्का, नंतर बोलतो' म्हणाला असतास आणि मी नेहमीसारखी गप्प बसले असते. गेली दहा वर्षं आपलं असंच चाललंय. कागदाला मात्र शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. तेव्हा दार लावून बस आणि सगळं वाच.

गेल्या वर्षी अव्वाचं सगळं आटोपल्यावर, पाचव्या दिवशी, निघताना तू माझ्या हातात एक पाकीट दिलं होतंस. विमान कंपनीची दोन व्हाउचर. त्या दिवशी तुला विमानातून उतरवलं त्याची भरपाई आहे म्हणालास. तू आणि दाजी दिल्लीला या, जरा हवापालट होईल, वर्षभर चालतात. मी ते पाकीट कपाटात साड्यांखाली ठेवून दिलं. आपली आई गेली त्या दिवसाची कुठलीही वस्तू डोळ्यांसमोर नको होती. गेल्या आठवड्यात तुझे दाजीच म्हणाले, मुदत संपत आलीय, बसवंतनं एवढं प्रेमानं दिलंय, जाऊन येऊ. मलाही वाटलं, जावं. तुझं घर मी अजून पाहिलेलं नाही. शाळेला रजा टाकावी, तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी न्यावी, असं सगळं मनात ठरवून मी औसा रोडवर ईश्वरप्पाच्या ट्रॅव्हल्सच्या दुकानात गेले.

ईश्वरप्पा भला माणूस. त्यानं चहा मागवला, चष्मा चढवला आणि बारीक अक्षरातल्या अटी मला समजावून सांगायला लागला. एक व्हाउचर म्हणजे एका माणसाची एक बाजूची खेप. म्हणजे दोन व्हाउचरमध्ये आम्ही दोघं दिल्लीला पोहोचलो असतो खरे, पण परत कसे येणार होतो? तू देताना ते वाचलंसुद्धा नव्हतंस. त्यावर मी हसले, बसवंत, खरंच हसले. म्हटलं, लहानपणापासून असाच आहे. मग त्यानं पाकिटातला पिवळा पातळ कागद उलगडला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या भावाला उतरवलं न्हाई. त्यांनी स्वतःच जागा सोडली."

मला कळेना. तेव्हा त्यानं नीट सांगितलं. विमानात जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली जातात. सगळेच आले, की कंपनीची माणसं विचारतात, कोण नंतरच्या विमानानं जायला तयार आहे? जो हात वर करतो त्याला ही व्हाउचर. ज्याला बळेच उतरवतात त्याचा कागद वेगळा असतो. ह्या कागदावर इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं की प्रवाशानं स्वखुशीनं जागा सोडली आहे. खाली वेळ होती, सकाळी सहा चाळीस. आणि तुझी सही. माझा तरी विश्वास बसेना, म्हणून मी त्याला कंपनीला फोन लावायला सांगितला. अर्धा तास फोनमध्ये गाणं वाजत राहिलं. मग एका मुलीनं नंबर विचारला, तुझं नाव वाचून दाखवलं आणि स्वखुशीनं जागा सोडल्याबद्दल कंपनीतर्फे माझेच आभार मानले. ईश्वरप्पाला वाटलं, मला आनंद होईल.

आता तो दिवस मी तुला सांगते. तू सांगितलेला नाही, मी पाहिलेला.

पाण्याची रेल्वे लातूरला येऊन आठवडा झाला होता. इथल्या दवाखान्यात पाणी नाही म्हणून ऑपरेशनं पुढं ढकलत होते. अव्वाचं पित्ताशयाचं दुखणं थांबणारं नव्हतं, म्हणून मी तिला नांदेडला हलवलं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, नीट झालं. तू रोज फोनवर येतो येतो म्हणत होतास. शेवटी तिकीट काढलंस. सकाळच्या विमानानं हैदराबाद, तिथून गाडी करून दुपारी तीनपर्यंत नांदेड. त्या दिवशी पहाटेच अव्वानं चांगुणाकडून वेणी घालून घेतली. चांगुणा कोण, हेही तुला सांगायला हवं. ती आमच्या गल्लीत धुणंभांडी करते, मुरुडकडची, आणि सहा वर्षं अव्वाचं उठणं-बसणं तिच्याच हातावर होतं. नांदेडला ती आपण होऊन आली, मी बोलावलं नव्हतं.

घरी लातूरला माझ्या सासूबाई, सिद्धम्मा, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं सगळं जागेवर. नळाला महिनाभर पाणी नव्हतं, आणि आमच्या गल्लीत टँकरची पाळी अकरा दिवसांनी त्याच दिवशी होती. टाकीशी पोलीस उभे, रेशनकार्ड दाखवल्याशिवाय घागर भरू देत नव्हते. दाजी बँकेच्या कामानं सोलापूरला अडकलेले. तरी मी अव्वाला सोडून हलणार नव्हते. पण सहाच्या सुमारास तुझा फोन आला, 'अक्का, विमानतळावर आत येऊन बसलोय, तासाभरात विमान सुटेल.' तेवढ्या भरवशावर मी लातूरच्या गाडीत बसले. तू येणार म्हणून मी निघाले, बसवंत. हे वाक्य पुन्हा वाच.

मी निघाले आणि पाऊण तासात तू हात वर केलास.

कशासाठी, हे मी तुला विचारत नाही. त्या रांगेत दुसरं कुणीच नव्हतं का, ज्याची आई दवाखान्यात नव्हती? सहलीला निघालेलं कुणी, मुंजीला निघालेलं कुणी? तुला नोकरीत काही कमी आहे का, की फुकटच्या दोन खेपांवर जीव जडावा? मी आठ दिवस हेच घोकतेय. वर्गात पोरांना पाढे म्हणायला लावते आणि खिडकीशी उभी राहून तुझ्याशी भांडते.

आणि भांडता भांडता एक जुनी गोष्ट आठवून आणखीच चिडते. लातूर जिल्हा झाला ते साल आठवतं? तू सहा वर्षांचा, मी दहाची. नवा जिल्हा झाल्याचा सोहळा बघायला अप्पांनी आपल्याला औशाहून लातूरला नेलं होतं. परतताना स्टँडवर ही गर्दी. अप्पांनी खिडकीतून टॉवेल टाकून कशीबशी एक जागा धरली आणि अव्वाला बसवलं. तिच्या पायाला तेव्हा गळू झालेलं, उभं राहवत नव्हतं. गाडी सुटायला आणि तू दिसेनासा व्हायला एकच गाठ पडली. अव्वा उठली. कंडक्टर ओरडला, बाई, पुढची गाडी दोन तासांनी आहे. ती खाली उतरलीसुद्धा होती. तू पेढ्याच्या दुकानापुढे उभा होतास, फुकट वाटत होते म्हणून तिसऱ्यांदा रांगेत. तिनं तुला मारलं नाही. औशापर्यंत उभ्यानं आली, तुला गाठोड्यासारखं कवटाळून. जागा सोडणं मला ठाऊक आहे. मी ते जवळून पाहिलंय.

त्या दिवशी सकाळी आठला तुझा दुसरा फोन आला. विमानात जागा जास्त विकल्या होत्या, मला उतरवलं, आता संध्याकाळचं विमान, उद्या पहाटे पोचतो. मी त्या परक्या कंपनीला किती शिव्याशाप दिले! अव्वा दुपारी चारला गेली. ऑपरेशनचं काही नव्हतं, डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. तू सकाळच्या विमानानं आला असतास तर तुला एक तास मिळाला असता. पुरता एक तास.

तू आलास तेव्हा विचारलंस, शेवटी कोण होतं जवळ? मी म्हणाले, माझ्या मांडीवर गेली. तू रडलास आणि माझे पाय धरलेस. मग आपण तिला औशाला नेलं. अर्ध्या बादलीत तिला आंघोळ घातली, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, आणि वाळून दगड झालेल्या त्या जमिनीत माणसं खड्डा खणत राहिली. तू सगळं नीट केलंस. गावानं तुझं नाव काढलं.

ती माझ्या मांडीवर गेली नाही, बसवंत.

तुझा दुसरा फोन आला तेव्हा माझी गाडी अहमदपूरच्या स्टँडवर उभी होती. समोरच्या फलाटावर नांदेडची गाडी लागलेली. रिकामी होती. मला फक्त खाली उतरून दहा पावलं चालायचं होतं. मी पिशवी उचललीसुद्धा. मग सासूबाईंची ओली गादी डोळ्यांपुढं आली, रिकामे ड्रम दिसले, आणखी अकरा दिवस दिसले. मनात म्हटलं, ऑपरेशन नीट झालंय, चांगुणा आहे तिथं, संध्याकाळी परत जाईनच. चांगुणाला फोन करून तुझं कळवलं आणि मी पुन्हा बसले. टँकरच्या रांगेत माझ्यापुढं सात जणी होत्या तेव्हा चांगुणाचा फोन आला. खोटं सांगायला नको, मी त्यानंतरही पाणी भरलं. रडत होते आणि घागरी भरत होते. पोलिसानं विचारलं, काय झालं बाई? मी म्हणाले, काही नाही.

तूही तिथं काउंटरपाशी हेच म्हणाला असशील, ऑपरेशन नीट झालंय, अक्का आहे तिथं. म्हणून तर मला तुझा इतका राग येतो. आपण दोघांनी तिला एकमेकांच्या भरवशावर सोडलं, आणि भरवसा निघाला तिसरीच्याच हातात. फरक एवढाच, की मला त्या दिवशी पाणी मिळालं आणि तुला व्हाउचर. आणि दोघंही खोटं बोललो. माझं मी आज संपवलं. तुझं तू बघ.

ईश्वरप्पाच्या दुकानातून घरी आले ती व्हाउचर फाडायचीच, असं ठरवून. चांगुणा भांडी घासत होती. मी तिच्यापुढं सगळं ओकले. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग राखेचा हात तसाच ठेवून म्हणाली, "त्यांचं इमान चुकलं, ते उद्या येतेत, असं म्यां म्हातारीला सांगितलं. तव्हा ती बोलली." काय बोलली, मी विचारलं. तिनं मान हलवली. "तुमाला न्हाई सांगता यायचं, अक्का. शपथ घातली हाय. माझ्या लेकालाच सांग म्हणली. तोंडानं सांग, त्याच्याकडं बघून. फोनवर न्हाई." मी चिडले, म्हटलं, तो पाच दिवस इथं होता, तेव्हा का नाही सांगितलंस? तर म्हणाली, रोज गराडा होता. निघताना ती तुझ्या गाडीपाशी आली होती. आठवतं? तू खिडकीतून तिच्या हातावर नोट ठेवलीस आणि काच वर केलीस.

म्हणून हे पत्र. दोन्ही व्हाउचर मी चांगुणाच्या नावानं वापरली, एक जाण्याचं, एक येण्याचं. ती रविवारी, सव्वीस मार्चला, दुपारी सव्वाबाराला दिल्लीला उतरेल. दाजी तिला हैदराबादपर्यंत पोचवतील. पुढं ती एकटी. ती कधी रेल्वेतसुद्धा बसलेली नाही, तिला अक्षरओळख नाही. बुधवारचं परतीचं तिकीट तिच्या कमरेच्या पिशवीत असेल. ड्रायव्हर पाठवू नकोस, नावाची पाटी घेऊन ऑफिसचा माणूस उभा करू नकोस. ती तुझ्याशिवाय कुणाबरोबर जाणार नाही, असं मीच तिला बजावलंय. अव्वानं तुला माफ केलं की शाप दिला, मला ठाऊक नाही, आणि मी कुणालाही विचारणार नाही. तुला ऐकायला भीती वाटेल. वाटू दे. तिला आधी जेवू घाल, तिखट कर म्हणावं जरा, आणि मग तिच्यासमोर बस. चेहरा तुझ्या लक्षात नसणार, म्हणून सोबत तिचा फोटो ठेवलाय. डावीकडची ती. उजवीकडं खाटेवर वेणी घालून बसलेली आपली अव्वा आहे, त्याच सकाळची.

रागावलेली, पण तुझीच
नीलम्मा अक्का