बुटांचे साचे

रविवार, संध्याकाळ. बडनेरा

दादा आज पुण्याहून आला आणि जेवून लगेच परत गेला, बाबांचे बूट घालून. अजून डोकं ठिकाणावर नाही माझं.

बाबा रेल्वेत गार्ड होते. ड्यूटीवरून आले की बुटांत लाकडी साचे बसवायचे, चामड्याला सुरकुती पडू नये म्हणून. शुगरमुळं यंदा त्यांचा डावा पाय कापावा लागला. तरी रोज माझ्याकडून दोन्ही बूट पुसून आत साचे घालून घेतात. मीही घालते.

दादा दारातूनच म्हणाला, "बाबांना आता काय उपयोग यांचा? मी नेतो." बाबा पलंगावर जागेच होते. जरा हळू तरी बोलावं की नाही?

बाबाच म्हणाले, "ने ना. पण साचे बी ने. रोज रात्री आत घालत जाय."

चक्क खूश होते ते! मी जखम धुते, पट्टी बदलते, तेव्हा असा चेहरा कधी दिसला नाही.

दादानं साचे काढले आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या हातात दिले. "एवढं वजन कोण नेईल? ठेव तूच."

तो गेल्यावर बाबांनी विचारलं, "साचे नेले ना त्यानं?"

"नेले, बाबा."

साचे माझ्या कपाटात आहेत, साड्यांच्या खाली. दादाची लाज मी काहून झाकून राहिली, मलेच समजत नाही. आणि बाबा तिकडं अकोल्याच्या काकांना फोनवर सांगून राहिले, "पोरानं माहे बूट मागून नेले, हौसेनं."