धूसर ठिपके

३ मार्च
आजपासून मोजणी. उंदरांच्या दोन आठवड्यांच्या पिल्लांचे मेंदू, आणि त्यांतले पेशींना जोडणारे सांधे, म्हणजे सिनॅप्स. काही पिल्लं ऑटिझमच्या अभ्यासासाठी जनुक बदललेली, बाकीची साधी. कुठली स्लाइड कुणाची हे फक्त आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमना ठाऊक. मोजणाऱ्याने ओळखायचं नाही, असा नियम. नवशिक्यांना ठीक आहे. मला बघताक्षणी कळतं. इतकी वर्षं काय माश्या मारल्या?

५ मार्च
काम झकास. आधी ओळखतो, मग मोजतो. ऑटिझमवाल्या स्लाइडवर धूसर ठिपकाही सिनॅप्स धरतो. तिथे जास्त असणारच. साध्या स्लाइडवर तसाच ठिपका दिसला तर धूळ. याला अनुभव म्हणतात.
घरी कटकट. बायको म्हणाली, चिरंजीव हाकेला बघत नाहीत, डॉक्टरांना दाखवू या. म्हटलं, माझ्या हाकेला तरी या घरात कोण बघतं? हसली नाही.

९ मार्च
अडीच वर्षांचा झाला, बोलत नाही, हे खरं. पण माझा हात धरून नेतो आणि नळावर ठेवतो. मागणं नाही, विनवणी नाही, थेट काम करवून घेणं. साहेब होणार.
मीही उशिराच बोललो असणार. आईला फोन केला. म्हणाली, छे, तू पाळण्यातूनच डोकं खात होतास. तिचं वय झालंय.

१४ मार्च
पुन्हा तेच. आवाज चढला माझा. या विषयात जन्म घालवलाय, माझ्याच मुलात काही असतं तर मला कळलं नसतं? ती उठून भांडी घासायला गेली. पटलं असावं.
उद्यापासून लवकर घरी यायचं.

१५ मार्च
जमलं नाही. स्लाइड होत्या.

२० मार्च
उद्या सगळ्यांसमोर कोड उघडणार, म्हणजे कुठली स्लाइड कुणाची ते मॅडम सांगणार. केस कापून आलो.

२१ मार्च, दुपार
मॅडमनी कोड उघडायच्या आधी मीच ऐटीत माझे अंदाज वाचून दाखवले. निम्म्याहून जास्त चुकले. कुणी हसलंसुद्धा नाही. मॅडमनी शांतपणे विचारलं, म्हणजे मोजताना तुम्ही ओळखत होतात? मग म्हणाल्या, हे आकडे टाकून द्या, आता दुसरं कुणीतरी मोजेल. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

२१ मार्च, संध्याकाळ
लवकर घरी. दारातच चिरंजीवांनी हात धरला, नेऊन नळावर ठेवला. ऑटिझमचं हेच लक्षण मी दर वर्षी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देतो.
बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, डॉक्टरांची वेळ घेऊ या. मान वर न करता म्हणाली, आम्ही कधीच जाऊन आलो, थेरपीही सुरू झाली. त्याचे वडील का येत नाहीत, असं डॉक्टर विचारत होते.
काय सांगितलंस, असं विचारलं.
म्हणाली, कामात असतात म्हटलं. काम कसलं ते नाही सांगितलं. मला लाज वाटली.