शेजारणीच्या हातची कुरडई

मोताळा, रविवार, १२ मे

दुसरबीडहून आत्ताच आले. सासरच्या घराण्याचा शोध घेता घेता, आडनाव एक एवढ्यावरून त्या अनोळखी घरी गेले होते. खापरपणजोबांपर्यंतची नावं जुळवून पाहिली, एकही जुळलं नाही. निघणार, तर तिथल्या म्हाताऱ्या काकूंनी तळलेली कुरडई पुढे ठेवली.

"खाय बाई. शेजारणीनं करून देल्ली. आमच्यात कुरडई खातात, पण घरी करणं धकत नाही."

कुरडई हातातच राहिली. आमच्या घरीही हीच मनाई! गहू आमचे, हात शेजारणीचा.

"काऊन धकत नाही?" मी विचारलं.

"कोणाले माईत? सासूनं सांगतलं. तिले तिच्या सासूनं."

माझ्या सासूबाईही एवढंच सांगतात. म्हणजे घराणं एकच? पुरुषांची नावं पुसली गेली आणि कुरडईची बंदी तेवढी टिकली? तीही दुसऱ्या घरांतून आलेल्या सुनांनी टिकवली? अंगावरचा काटा अजून जात नाहीये.

आणि मी! यंदा हा नियम मोडायचाच म्हणून हट्टानं गहू भिजत घातलेत. आल्यापासून सारखं पातेल्याचं झाकण काढून बघतेय.

सकाळी पातेलं शेजारच्या वहिनींकडे नेईन. म्हणेन, तुम्हीच करून द्या. आमच्यात धकत नाही.