चुकांच्या वहीतले फाडलेले पान

मी, योगेंद्र मोरू ठोंबरे, वय ६८, राहणार खालापूर, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. कोणी दबाव आणलेला नाही. लाज मात्र वाटते आहे, पण वकीलसाहेब लाजेला दबाव मानत नाहीत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यात खोटेच लिहिले असते.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी सौ. जया हिला, तिच्या पश्चात मुलगा स्वराज याला. स्वराजचा नेरळला फ्लॅट आहे, त्यामुळे इथले घर विकायची त्याला घाई होईल. आईला विचारल्याशिवाय त्याने एक कौलही हलवू नये.

कलम २. ‘काजळघाट’ कादंबरीमालेचे सहाही भाग आणि मी घेतलेल्या अकरा खुर्च्या कर्जतच्या आमच्या वाचक मंडळाला. ही धुक्यातल्या एका राज्याची, चेटकिणींची आणि बोलणाऱ्या खिंडींची गोष्ट; तिचा काही भाग तिच्यातली गिरजाआजी नावाची म्हातारी पोरांना सांगते. या वयात हे काय वाचता, असे जया म्हणते. भाताच्या गिरणीवरच्या खोलीत दर दुसऱ्या रविवारी जमून आम्ही या मालेतल्या चुका काढतो. चंद्री घोडी दुसऱ्या भागात मरते आणि चौथ्यात खिंड चढते. राणीचा व्रण डाव्या गालावरून उजव्या गालावर जातो. एवढे असूनही पुस्तक खाली ठेववत का नाही, यावर आम्ही जेवढे भांडलो तेवढे इथे कोणी बांधावरूनही भांडले नसेल.

कलम ३. माझे भिंग मंडळातले श्री. ओमकार यांना. कादंबरीतल्या काजळगडाला नऊ दरवाजे आहेत. ते चोरदरवाजे मोजत नाहीत आणि सात म्हणतात. भिंग लावून मोजावेत. हे वैर मी सोबत नेत आहे.

कलम ४. मंडळाची चुकांची वही माझ्याकडे आहे, ती कु. भाग्यश्री पोशा निरगुडा, ठाकूरवाडी, हिला द्यावी. का, ते लिहितो.

रसायनीच्या कारखान्यात मी तीस वर्षे तपासणी विभागात होतो. ज्याला दोष सापडे त्याचीच सही रजिस्टरात पडे, मग तो साहेब असो की हमाल. तोच नियम मी मंडळात आणला. भाग, पान, ओळ, चूक, आणि शोधणाऱ्याची सही. या नियमाचा मला फार अभिमान होता.

आठ वर्षांपूर्वी भाग्यश्री कॉलेजात होती. एका रविवारी ती वाडीवरून उतरून आली. खोलीत चार-पाच माणसे होती. ती उभी राहून म्हणाली, “समद्या चुका गिरजाआजी गोष्ट सांगते तवाच हायत. माझी आजीपन तसंच करायची. मधीच काहीतरी चुकीचं घालायची. पोरं ऐकत्यात का नुसताच हुंकार देत्यात, ते बघाया. जो चूक धरंल त्यानं पुढची गोष्ट सांगायची.”

मी म्हणालो, “अगं, हे छापलेलं पुस्तक आहे, तुमच्या वाडीवरची शेकोटी नाही.” सगळे हसले. तिने मात्र वहीत नोंद केली, सही केली आणि गेली.

दोन महिने ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. सगळी पुस्तके पुन्हा चाळली. पोरीचे खरे होते. मग मी ते पान फाडले, तीच नोंद माझ्या अक्षरात उतरवली, खाली माझी सही ठोकली आणि लेखिकाबाईंना कळवले. सहाव्या भागाच्या मनोगतात त्यांनी छापले, की माझी खूण फक्त खालापूरच्या ठोंबऱ्यांनी ओळखली. मंडळाने मला शाल-श्रीफळ दिले. मी ते घेतले.

त्या दिवशी भाग्यश्री दारात आली होती. चप्पलही काढली नाही. “काका, वहीत माझी सही हुती ना?” मी म्हणालो, “कसली सही?” त्यानंतर ती कधी आली नाही. एवढे लिहिताना तीनदा पेन खाली ठेवले. फाडलेले पान मी जाळले नव्हते, ते वहीत परत चिकटवले आहे.

कलम ५. खरा प्रकार सांगणारे लेखिकाबाईंच्या नावाचे पत्र मंडळाच्या चिटणीस समीक्षा यांनी माझ्या मृत्यूनंतर पोस्टात टाकावे.

कलम ६. हे कलम नंतरचे आहे. वही घेशील का, हे विचारायला मी काल ठाकूरवाडीला गेलो. भाग्यश्री आता तिथे अंगणवाडी चालवते. तिने बसायला पाट दिला. मी वरचा मजकूर वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत ऐकत होती. कलम चारवर तिने हात वर केला.

“चार-पाच न्हवती, काका. वर अकरा खुर्च्या लिवल्यात. त्या दिशी एकबी रिकामी न्हवती. मी उभीच हुती, मोजल्या मी.”

खरे आहे. लिहितानाही लाजेपोटी मी माणसे कमी केली. ‘चार-पाच’ऐवजी ‘अकरा’ वाचावे. वरचे मी खोडलेले नाही, माझी चूक दिसत राहू दे.

कलम पाच ऐकल्यावर तिने तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाली, “मेल्यावर कशाला? तवा तुमाला लाज वाटनार नाय.”

पत्र आज सकाळी खालापूरच्या पोस्टातून मी स्वतः रजिस्टर केले. पावती सोबत जोडली आहे. कलम पाच रद्द समजावे. वहीही तिला कालच दिली. तिने पान उघडले, आपल्या सहीवरून बोट फिरवले आणि वही मिटली.

मी निघायला उठलो तेव्हा म्हणाली, “बसा. चूक मी धरली. आता त्या दिशीची गोष्ट मी सांगनार, पयल्यापासनं. तुमी हुंकार द्या.”

तिने सांगितले. मी खाली बघून हूं, हूं म्हणत राहिलो.

वरील मजकूर दुरुस्तीसह मला कबूल आहे.

सही : योगेंद्र मोरू ठोंबरे

आम्हां दोघांसमोर त्यांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली :
१) ओमकार (दरवाजे सातच आहेत)
२) समीक्षा

ठिकाण : खालापूर
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५