उघडं गेट

रविवार संध्याकाळ, मॉसन लेक्स

गेट मीच लावलं. गेल्या रविवारी शहराबाहेर मेंढ्या पाळणाऱ्या टॉमच्या कुरणातून ओढ्यावर ट्राउट मासे धरायला गेलो, तेव्हा ते उघडं होतं. म्हातारा विसरला असेल, म्हणून निघताना लावून घेतलं, साखळीसुद्धा अडकवली. मेंढ्या त्याच गेटमधून पाण्यावर जातात, हे मला कुठे माहीत? पुढचे दोन दिवस उन्हाची नुसती आग होती.

आज गेलो, तर रस्त्याकडच्या गेटला कुलूप. टॉम ओरडलासुद्धा नाही. “मेट, उघडं गेट उघडंच ठेवायचं असतं. पाण्यावाचून अकरा मेंढ्या मेल्या.” मी सॉरी म्हटलं. कशाला म्हटलं? सॉरीने मेंढ्या थोड्याच परत येणार?

युनिव्हर्सिटीत, कामाच्या शिफ्टला, कुठेच कोणी मला ‘कधीही ये’ म्हणालं नव्हतं. टॉम म्हणाला होता.

आणि ती साखळी अडकवताना मला काय वाटलं होतं, तर आपण आता इथलेच झालो.