बाबाचे शेवटले शब्द

पुणे, ८ ऑगस्ट १९८६

प्रिय मायले शमुवेलचा सलाम.

मी बरा आहो, दोन्ही टाइम जेवतो. तुहा गुडघा कसा आहे? धानाची रोवणी आटोपली का?

इथं चर्चच्या पाळकाच्या शिक्षणात सर म्हणतात, शुभवर्तमानातली सारीच वचनं येशूच्या तोंडची नाहीत. सांगता सांगता लोकाईनं काही वाढवली. विद्वान आता खरी वचनं शोधून राहिले.

माय, बाबा गेले तेव्हा ते 'पोराले सांभाळ' एवढंच बोलले, असं तू पहिले सांगे. मंग बाबाच्या आठवणीच्या दरसालच्या प्रार्थनासभेत त्याचं 'पोराले पाळक कर' कधी झालं?

त्याच शब्दापायी मी आपलं एकोडी गाव सोडलं. आता प्रार्थनेले तोंड उघडत नाही.

खरं काय ते लिही. बाबा तसं बोललेच नसतील, तर मात्र लिहू नको.

अजून तुहाच,
शमुवेल